‘भरपूर पाणी प्या’ म्हणणं सोपं. ज्याला तहानच सांगता येत नाही त्याचं काय?

हिंगणघाट : मार्च सरत आला की उष्माघाताची सूचनापत्रकं यायला लागतात. दुपारी १२ ते ३ उन्हात फिरू नका, डोक्याला दुपट्टा बांधा, तहान नसली तरी पाणी पीत राहा. वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं आता कोणाला नवं नाही, त्यामुळे सल्ला योग्यच आहे. पण त्यात एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते. माणूस स्वतः उठेल, माठापर्यंत जाईल, ग्लास उचलेल आणि ठसका न लागता पाणी पिईल, ही ती गोष्ट.

आपल्या तालुक्यात अशी घरं आहेत, जिथं या चारपैकी एकही गोष्ट आपोआप होत नाही. चाळिशी-पन्नाशीला आलेला मुलगा किंवा मुलगी खाटेवर किंवा खुर्चीत असते. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. हात वळत नाहीत, बोलणं फक्त आईला समजतं. आणि ती आई आता सत्तरीकडे आलेली. या माणसांच्या पाण्याचा हिशेब ना आरोग्य खात्याच्या रजिस्टरमध्ये आहे, ना उष्माघाताच्या आराखड्यात. घरच्यांची माया कमी पडते म्हणून हे होत नाही. पाणी कमी पाजण्यामागं घरच्यांची पक्की कारणं असतात, आणि ती समजून घेतल्याशिवाय नुसता ‘पाणी पाजा’ हा सल्ला कामाचा नाही.

आधी आजार समजून घेऊ

सेरेब्रल पाल्सी म्हणजे बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच वाढत्या मेंदूला झालेली इजा. फार कमी दिवसांचं बाळ, बाळंतपणात गुदमरलेलं बाळ, जन्मानंतरची तीव्र कावीळ किंवा मेंदूज्वर, अशी कारणं असतात. खेड्यात याला कोणी ‘पोलिओ’ म्हणतं, कोणी ‘लकवा’. दोन्ही चूक. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही आणि मेंदूतली इजा वयाप्रमाणे वाढतही नाही. अनेकांची बुद्धी शाबूत असते, सगळं समजतं, फक्त शरीर ऐकत नाही.

इजा वाढत नसली तरी शरीर मात्र म्हातारं होतं, आणि ते लवकर होतं. आयुष्यभर आखडलेले स्नायू, वाकडी झालेली पाठ, झिजलेले सांधे यामुळे चाळिशीतच बाकीच्यांच्या साठीसारखा थकवा येतो. पूर्वी चालणारा माणूस चालणं सोडतो, पूर्वी नीट गिळणाऱ्याला ठसका लागायला लागतो. घरच्यांना वाटतं, ‘आता याचं असंच चालायचं’. डॉक्टरकडे नेलं जात नाही.

एक लक्षात घ्या. आपल्याकडे हा प्रश्न नवा आहे, कारण मोठे झालेले रुग्ण एवढ्या संख्येनं पूर्वी समोर नव्हते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी देशातली पहिली खास शाळा मुंबईत सुरू झाली ती १९७२ साली, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षी. मिथू अलूर यांनी ती काढली, त्यांची मुलगी मालिनी चिब हिला हा आजार होता म्हणून. मालिनी यांचा जन्म १९६६ चा. म्हणजे ज्या पिढीला पहिल्यांदा नीट उपचार आणि शाळा मिळाली, ती पिढी आज साठीला टेकली आहे. खेड्यातली त्याच वयाची मुलं शाळेत गेली नाहीत, पण जी जगली तीही आज त्याच वयाची आहेत. शाळा, फिजिओथेरपी, बालरोगतज्ज्ञ, सगळा विचार लहान मुलांचा झाला. म्हातारपणाचा झालाच नाही.

पाणी कमी का पडतं?

पहिलं कारण घसा. गिळणं हे काम अनेक स्नायूंनी एका क्षणात जुळवून करायचं असतं. सेरेब्रल पाल्सीत हा मेळ बिघडतो. आणि सगळ्यात अवघड गिळायचं असतं ते साधं पाणी. भाताचा घास तोंडात थांबतो, पाणी थांबत नाही. ते झटकन मागं जातं आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरतं. मग ठसका, खोकला, कधी निमोनिया. छातीचे आजार हे या रुग्णांच्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे. एकदा पाणी पाजताना मुलगा निळा पडलेला ज्या आईनं पाहिला, ती पुढं दोन घोटांवर थांबते. तिची भीती खोटी नाही. आणखी एक, काहींना पाणी श्वासनलिकेत गेलं तरी खोकलाच येत नाही. वरून सगळं ठीक दिसतं, आणि दर दोन-तीन महिन्यांनी ताप आणि कफ येत राहतो.

दुसरं कारण कोणी मोठ्यानं बोलत नाही, ते म्हणजे लघवी. पाणी जास्त तर लघवी जास्त. मोठ्या माणसाला उचलायचं, स्वच्छ करायचं, कपडे बदलायचे, चादर धुवायची. हे सत्तरीतल्या आईनं दिवसातून सहा-सात वेळा करायचं. संडास अंगणाच्या टोकाला, उंबरा उंच, खुर्ची आत जात नाही. म्हणून संध्याकाळी सहानंतर पाणी बंद, लग्नाला जायचं असेल तर सकाळपासून पाणी बंद, एसटीनं वर्ध्याला दाखवायला न्यायचं तर आदल्या रात्रीपासूनच बंद. काही रुग्ण स्वतःच नको म्हणतात, आईचे हाल पाहवत नाहीत म्हणून. मुलगी असेल तर अडचण दुप्पट. घरात बाई माणूस नसेल तेव्हा ती दिवसभर तहानलेली राहते.

तिसरं कारण, तहान लागणं आणि ती सांगणं. वय वाढलं की तहानेची जाणीव सगळ्यांचीच कमी होते. त्यात बोलता येत नसेल तर सांगणार कसं? मे महिन्यात पहाटेच मजुरीला किंवा शेताच्या मशागतीला माणसं निघून जातात. घरी राहिलेल्याच्या हाताशी तांब्या असला तरी तो उचलता येत नाही. टिनाच्या घरात दहानंतर भट्टी पेटते, वीज गेली की कूलर बंद. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत ६१९ माणसं दगावली. त्यातले ९८ टक्के लोक घरात किंवा इमारतीच्या आत होते. म्हणजे ‘बाहेर पडू नका’ एवढ्यानं भागत नाही. जो बाहेर पडूच शकत नाही, त्याच्यासाठी ऊन घरात येतं.

या तिन्हींवर शरीराचा आणि औषधांचा भार. लाळ गळते त्यातून पाणी जातं. काहींचे हातपाय सतत हलत, पिळवटत असतात, त्यांना घाम जास्त आणि ताकदही जास्त लागते. लाळ किंवा पिळवटणं कमी करायला ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी चालू असेल, किंवा फिट्ससाठी टोपिरामेट, तर घाम कमी येतो आणि अंग थंड व्हायचा रस्ताच बंद होतो. स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. पाण्याअभावी मूत्रपिंड मंदावलं की ते अंगात साचतं आणि माणूस गुंगीत जातो. या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, तसं केलं तर फिट्स आणि आखडणं एकदम वाढतं. पण उन्हाळ्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून मात्र घ्यायचं.

कसं ओळखायचं?

साध्या माणसाचं ‘घसा कोरडा पडला’ इथं मिळणार नाही. घरच्यांनी बघायचं ते असं. लघवीचा रंग गडद पिवळा, वास उग्र, दिवसभरात दोन-तीनदाच. जीभ कोरडी, लाळ चिकट किंवा नेहमीपेक्षा कमी. शौचाला चार-चार दिवस नाही. नेहमीपेक्षा जास्त झोप, किंवा कारण नसताना चिडचिड, रडणं. अंग जास्त आखडणं, फिट्स वाढणं. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर आधी पाण्याचा विचार करा. अंग तापलं आहे, माणूस हाकेला ओ देत नाही, अशी अवस्था असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते छातीत जाईल. सावलीत घ्या, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

एक सूचना दवाखान्यासाठी. रक्तातलं क्रिएटिनिन स्नायूंवर ठरतं. ज्याचे स्नायूच वाळलेले आहेत, त्याचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी मूत्रपिंडावर ताण असू शकतो. फक्त कागद पाहून घरी पाठवू नये.

किती आणि कसं पाजायचं?

‘आठ ग्लास’ हा नियम इथं लावू नका. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेनं वृद्धांसाठी रोज पिण्याचं प्रमाण दिलंय ते बाईसाठी किमान १.६ लिटर आणि पुरुषासाठी २ लिटर. पण सेरेब्रल पाल्सीचा प्रौढ अनेकदा ३५-४० किलोचाच असतो. वजनामागं किलोला सुमारे ३० मिलि हा ढोबळ हिशेब धरला तर ४० किलोच्या माणसाला सव्वा लिटरच्या आसपास होतं. वैशाखातल्या उन्हात, तापात किंवा जुलाबात त्याहून जास्त. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेच प्रमाण.

मोजायची सोपी पद्धत म्हणजे सकाळी त्याच्या नावाची एक लिटरची बाटली भरून ठेवायची. त्याला पाजायचं ते त्यातूनच. संध्याकाळी बाटलीत अर्धं उरलं असेल तर अर्धंच पोटात गेलं, भांडायचं कारण नाही. ‘पाजलं ना मघाशी’ आणि ‘कोणी पाजलं?’ हा घोळही संपतो.

पाजताना माणूस आडवा नको. पाठ सरळ, मान मागं झुकलेली नाही, हनुवटी किंचित खाली. तांब्यानं वरून धार सोडणं तर अजिबात नको. चमच्यानं किंवा छोट्या कपानं एक घोट, तो गिळला का पाहायचं, मग दुसरा. पिऊन झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. एका वेळी ग्लासभर नाही, तासा-दीड तासानं अर्धी वाटी. सकाळी आणि दुपारपर्यंत जास्त पाजलं तर रात्रीचं उठणं आपोआप कमी होतं. पाणी कमी करण्यापेक्षा वेळ बदलणं बरं.

साध्या पाण्याचा ठसका लागत असेल तर थोडं दाट पेय सोपं जातं, आणि ते आपल्या घरातच आहे. ज्वारीची आंबील, भाताची पेज, दाट ताक, पातळ दही, गाळलेलं वरण, आमरस. पन्हं पातळ लागतं, ते प्रत्येकाला जमेलच असं नाही. टरबूज पाणीदार म्हणून लोक फोडी देतात, पण चावताना गर वेगळा आणि पाणी वेगळं होतं आणि ठसका लागतो. कुस्करून, बिया काढून द्यावं. किती दाट हवं हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते वाचा-उपचार तज्ज्ञानं गिळणं तपासून ठरवायला हवं. उगाच फार दाट केलं तर चव जाते, माणूस तोंड फिरवतो आणि पोटात पाणी आणखी कमी जातं.

ओआरएसचं पाकीट आशाताईंकडे, आरोग्य केंद्रात मिळतं. एक लिटरचं आख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, ग्लासात अर्धं-पाव नाही. पण ते जुलाब, उलटी, फार घाम यासाठी. रोजच्या तहानेसाठी साधं पाणीच.

१८ ला संपतं, ६० ला सुरू होतं

हे सगळं घरच्यांना कोणी सांगायचं? इथं खरी गोम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. जिल्हा पातळीवरचं शीघ्र उपचार केंद्र तेवढ्याच वयाचं. दुसऱ्या टोकाला वृद्धांचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम साठीनंतर, आणि आयुष्मानचं ज्येष्ठांसाठीचं खास कार्ड सत्तरीनंतर. ज्याचं शरीर चाळिशीतच म्हातारं झालं, तो मधल्या चाळीस वर्षांत कोणाचाच पेशंट नाही. बालरोगतज्ज्ञ म्हणतात मोठा झाला, फिजिशियन म्हणतात हा लहानपणचा आजार.

मोजणीचीही तीच गत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग नोंदले गेले, पण त्यात सेरेब्रल पाल्सी असा रकानाच नव्हता. कोणी ‘हालचालीचे’ मध्ये गेले, कोणी ‘बहुविकलांग’ मध्ये. तालुक्यात किती आहेत हे सांगायला आज कागद नाही.

इंग्लंडमध्ये ‘नाइस’ या संस्थेनं जानेवारी २०१९ मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या प्रौढांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. गुंतागुंतीची गरज असलेल्यांची जाणकारांकडून वर्षातून एकदा तपासणी व्हावी, असं त्यात सुचवलं आहे. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. वजनकाटा, गिळण्याची तपासणी, औषधांची यादी आणि अर्धा तास वेळ एवढंच लागतं. आपल्या जिल्ह्यात तर सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. हिंगणघाटला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हवं म्हणून लोक रस्त्यावर उतरले, ती मागणी रास्तच आहे. पण ते उभं राहीपर्यंत उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस प्रौढ दिव्यांगांसाठी ठेवायला कोणाची हरकत आहे? वडनेर, अल्लीपूर, पोहण्याच्या माणसानं खाटेवरच्या पोराला घेऊन दर वेळी वर्ध्याला जायचं, यात दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं दोन्ही जातं.

कायद्यात आहे, अंमलात नाही

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात सेरेब्रल पाल्सीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याचं कलम ८ आपत्तीबद्दल आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची वेळ आली की त्यांना कळवायचं, असं ते सांगतं. ४५ अंशांचं ऊन हा धोका नाही तर काय? ही नोंद आहे का, असेल तर त्यात अंथरुणावरचे किती, आणि मागच्या उन्हाळ्यात त्यातल्या किती घरी कोणी गेलं, हे प्रश्न जिल्हा प्रशासनाला विचारण्यासारखे आहेत.

यादी शून्यातून करायचीही गरज नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशाताई जो तपासणीचा अर्ज भरतात, त्यात अंथरुणाला खिळलेले, रोजच्या कामाला मदत लागणारे, दिव्यांग, अशी नोंद करायची सोय आहे. यूडीआयडी कार्डांची माहिती संगणकावर आहे. संजय गांधी निराधार योजनेचे दिव्यांग लाभार्थी तहसीलमध्ये नावानिशी आहेत. तीन कागद एकत्र केले की गावनिहाय यादी तयार. काम तीन खात्यांचं असल्यामुळे ते कोणाचंच होत नाही, एवढीच अडचण.

पैशाचं म्हणाल तर दिव्यांगांचं मासिक अनुदान २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झालं, हे चांगलंच. पण कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचीही तरतूद आहे, तिच्याकडे कोणी पाहत नाही. ग्रामपंचायत आणि नगर परिषदेनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी ते वर्षअखेर घाईनं थोडे-थोडे वाटून संपवले जातात. त्याच पैशातून कमोडची खुर्ची, घराला लागून संडास, आधाराचा दांडा दिला तर आईची पाठ वाचेल, आणि आईची पाठ वाचली तर पोराला पाणी मिळेल. या दोन गोष्टींचा संबंध असा सरळ आहे.

नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सीसाठी लागू आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, ओपीडी आणि थेरपीसकट. वयाची अट नाही. अर्ज केला नसेल तर करून घ्या. आईबापामागं कायदेशीर पालक कोण, हे ठरवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती आहे. आई थकायच्या आधी तिथंही अर्ज टाकलेला बरा.

मागणी चारच गोष्टींची

उन्हाळा तोंडावर असताना फार मोठं काही मागायचं नाही. एक, अंथरुणावरच्या आणि खुर्चीतल्या प्रौढांची गावनिहाय यादी आशाताई आणि ग्रामसेवकांनी मिळून करावी. दोन, उष्णतेचा इशारा आला की त्या घरी त्याच दिवशी फोन किंवा भेट व्हावी, आणि या जादा भेटीचा मोबदला आशाताईंना मिळावा, फुकटचं काम त्यांच्या माथी नको. तीन, उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एकदा गिळणं, वजन आणि औषधं यांची तपासणी व्हावी, त्यासाठी सेवाग्राम किंवा सावंगीहून वाचा-उपचार तज्ज्ञ बोलवावा. चार, ५ टक्के निधीतून आधी संडास आणि कमोडची खुर्ची, बाकीचं नंतर.

शेजाऱ्यांनाही एक काम आहे. अशा घरची माणसं कामावर गेली असतील तर दुपारी एकदा डोकावायचं, आईनं दाखवून ठेवलंय तसं बसवून चार चमचे पाजायचे आणि बाटलीवर नजर टाकायची. येत्या ग्रामसभेत पाणीटंचाईचा विषय निघेलच. टँकर आणि बोअरवेलच्या चर्चेत एवढं विचारा, की आपल्या गावात खाटेवर किती जण आहेत आणि त्यांना आज किती पाणी मिळालं?